चोवीस नावं, सहा रजा

१ जून २०२५, रविवार

नोटीस लागली. गणपतीच्या रजेच्या चिठ्ठ्या बावीस तारखेला, जेवणानंतर, वर्कशॉपमध्ये. खाली गोपीनाथशेठची सही, आणि सहीशेजारी कोणीतरी पेनाने काढलेला उंदीर. तो उंदीर बघूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथे माझ्या जिवाला घोर लागलाय आणि यांना चित्रं सुचतायत.

दुबईत अल क्वोजच्या या अ‍ॅल्युमिनियम-काचेच्या कारखान्यात आम्ही चोवीस कोकणी आहोत आणि चोवीसच्या चोवीस जणांना गणपतीलाच गावी जायचं असतं. शेठ म्हणतो, एका वेळी सहापेक्षा जास्त माणसं सोडली तर साइट बंद पडेल. ते मला मान्य आहे, कटिंग लिस्टा मीच बनवतो, काम किती असतं ते मला ठाऊक आहे. बाकीच्यांनी मे घ्यायचा नाहीतर डिसेंबर. सहा कोण, ते चिठ्ठ्यांवर. प्रत्येकाने आपलं नाव लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं, शेठची मुलगी इशिता चिठ्ठी उचलते, शेठची बायको सविता वहिनी वाचतात. मी इथे आल्यापासून चार वेळा नाव टाकलं. चारही वेळा डब्यातच राहिलं.

आजवर मी कुरकुर करून गप्प बसलो. यंदा बसणार नाही. आमच्या घराण्याचा गणपती पाच घरांत फिरतो आणि यंदा पाळी आमच्या घराची आहे. मूर्तीपुढे बसायला घरातला पुरुष हवा. बाबांच्या हाताला कंप सुटलाय, त्यांना पेला धरता येत नाही, पळी-पंचपात्र कुठून धरणार? मी गेलो नाही तर चुलतभाऊ यतीन येऊन आमच्या घरात आमच्या पाळीला बसणार. पुढची पाळी येईपर्यंत बाबा असतील की नसतील, कोणी सांगावं.

५ जून, गुरुवार

ईदची सुट्टी. सगळे झोपलेत, मी कागद घेऊन बसलो. बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स केलं त्याचा चार वर्षांत एवढा एकच उपयोग.

आधी स्वतःचं. चोवीसात सहा, म्हणजे दर वर्षी चारात एक संधी. चार वर्षं सलग नाव न येण्याची शक्यता सुमारे बत्तीस टक्के. म्हणजे माझ्यासारखे दर तीन माणसांत एक निघणार. याला कोणी अन्याय म्हणणार नाही, मीसुद्धा नाही. गणित आपल्या बाजूने उभं राहत नाही तेव्हा किती संताप येतो!

मग बाकीच्यांची नावं आठवून मांडली. जुनी वर्षं माझ्या खोलीतल्या नागेशला विचारली. त्याला सगळं तोंडपाठ आहे. इथे पेन थांबलं. सहा वर्षांत पाच नावं दर वेळी बदललीत. सहावं एकच आहे. दगडूकाका. सहाच्या सहा वर्षं.

चारात एक, सहा वेळा लागोपाठ. चार हजार शहाण्णवात एक.

घाईने आरोप नको म्हणून उलट बाजूनेही बघितलं. दगडूच कशाला, चोवीसांतल्या कोणत्याही एकाला असा योग आला असता तरी मी बोटच दाखवलं असतं. तेही धरलं. तरी एकशे सत्तरात एक येतं. आणि दगडूकाका शेठच्या गावचा. एकाच वाडीचा! आता आणखी काय हवं?

८ जून, रविवार

नागेशला आकडे दाखवले. तो इस्त्री करत होता. इस्त्री न थांबवता म्हणाला, "सोड रे. देवाचा काम आसा ता."

"देवाचं नाही, शेठचं आहे. आणि त्या कोऱ्या चिठ्ठ्या? दर वर्षी वहिनी दोन-तीन चिठ्ठ्या उघडतात, 'कोरी निघाली' म्हणतात आणि पर्समध्ये टाकतात. कोरी कशी निघेल? रजा हवी असलेला माणूस कोरा कागद टाकेल का?"

"कोणतरी टाकीत आसात."

"मूर्ख आहेस. नको असलेलं नाव आलं की त्या कोरी म्हणतात. काय सांगावं, त्यातली एक माझी असेल."

नागेशने शर्टाची तीच बाही दोनदा दाबली. "दर्शन, ह्यां रजेच्या सभेत काढू नको. हात जोडतंय." शेठला घाबरतो. सगळेच घाबरतात. इथे येऊन माणसांचा कणाच जातो.

१५ जून, रविवार

काढलं. सगळ्यांसमोर काढलं.

रजेचं बोलायला शेठने सगळ्यांना बोलावलं होतं. वहिनी लाडू घेऊन आल्या होत्या. मी उभा राहिलो आणि सहा वर्षांची नावं वाचली. शेवटी म्हणालो, "हे नशिबाने व्हायची शक्यता चार हजार शहाण्णवात एक आहे."

शेठ आधी हसला. मग त्याला कळलं. "हबीबी, तू मला चोर म्हणतोयस? माझ्या वर्कशॉपमध्ये उभा राहून? अरे, मला कोण गेलं, कोण राहिलं, काय फरक पडतो?"

"मग कोऱ्या चिठ्ठ्या दाखवा. वहिनींनी पर्समध्ये टाकलेल्या."

वहिनींचा चेहरा उतरला. तिथेच मी ओळखलं, घाव बरोबर बसला.

दगडूकाका शेवटच्या बाकावर बसले होते. बावन्न वर्षांचा माणूस, वेल्डिंगने डोळे कायम लाल. रागावतील असं वाटलं होतं, तर ते समजूत घालायला लागले. "अरे झिला, माका कोण काय देता? देव बोलावता, मी जातंय. तेच्यात तुझ्या आकड्यांचा काय काम?"

"देवाला फक्त तुमचंच नाव वाचता येतं का?" मी म्हणालो.

कोणीतरी मागून हातमोजा फेकून मारला. कानाला लागला. हरकत नाही. शेठ तावातावाने म्हणाला, "ठीक आहे. यंदा तुझ्या पद्धतीने. तूच सगळं कर, म्हणजे रडायला जागा नको. खलास!"

२२ जून, रविवार

कागद-पेन बंद. वहिनींच्या घरच्या हाउझीच्या खेळातल्या आकड्यांच्या सोंगट्या मागवल्या. एक ते चोवीस. प्रत्येकाला नंबर दिला, भिंतीवर लावला. नागेशला शेजारी उभं करून एकेक सोंगटी सगळ्यांना दाखवत कापडी पिशवीत टाकली. तोंड बांधून पिशवी सगळ्यांकडून हलवून घेतली. याहून स्वच्छ सोडत दुबईत झाली नसेल.

इशिताने सहा काढल्या. चौथी माझी.

मी ओरडलो. एकटाच. दर वर्षी नाव निघालेल्याला उचलून घेतात, शिट्ट्या मारतात. आज कोणी हललं नाही. मला वाटलं, मत्सर.

दगडूकाका पुढे आले, पिशवीकडे बघत राहिले. "झाले सहा? परत मोज मगे." मी मोजले. सहाच होते. त्यांचा सतरा नंबर त्यात नव्हता. ते मान हलवत हात धुवायला गेले.

"अंकल, कॅन आय गो नाऊ?" इशिताने मला विचारलं. बापाला नाही, मला. सगळा कारभार जणू माझाच.

बाबांना फोन केला. म्हणाले, "देव पावला." मी म्हणालो, देव नाही, पद्धत पावली. त्यांना काही कळलं नाही, पण हसले. फार दिवसांनी हसले.

२६ जून, गुरुवार

तिकीट काढलं. खोलीत माझ्याशी कोणी बोलत नाही. मेसमध्ये माझ्या टेबलावर मीच. न्याय केला की माणसं तुटतात म्हणे. तुटू देत. मला कोणाच्या गप्पांची पडलेली नाही.

२९ जून, रविवार

वहिनी ऑफिसात आल्या आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, माफी मागणार.

"झालं समाधान? फेअर झालं ना सगळं? प्रॉपर सिस्टिम?"

मी म्हणालो, हो, झालं.

"त्या चिठ्ठ्या कोऱ्या नव्हत्या, दर्शन. दगडूदादाच्या होत्या. नऊ-दहा पोरं स्वतःचं नाव न लिहिता त्याचं लिहितात. गेली सहा वर्षं. एकदा त्याचं नाव वाचलं की पुढे परत तेच निघायचं. एका वर्षी लागोपाठ तीनदा निघालं. मी काय वाचणार होते? कोरी म्हणायचे. ह्यांनासुद्धा माहीत नाही."

"असं कोण करतं?" मी विचारलं. आवाज माझा मलाच पोरकट वाटला.

"नागेश. आधी नागेश, मग बाकीचे. अरे, नागेश गेला तर नागेशच्या घरी जाईल. दगडूदादा गेला की सगळ्यांच्या घरी जातो. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत. प्रत्येकाच्या आईसमोर बसतो, भजन करतो, कोणाचं छप्पर गळतंय, कोणाची आई औषध घेत नाही, ते बघून येतो आणि इथे खरं सांगतो. फोनवर कोणी खरं बोलतं का? चारात एक चान्स घेऊन स्वतः जाण्यापेक्षा त्यांनी हा पक्का माणूस पाठवला. तुला एवढं मॅथ्स येतं, हे नाही आलं?"

"माझ्या घरी कधी आले नाहीत ते."

"तू कधी सांगितलंस?"

मी विचारलं, दगडूकाकांना ठाऊक आहे का.

"नाही. आणि कळता कामा नये. त्याला वाटतं देव बोलावतो. त्या माणसाला मूल नाही, बायको गेली. त्याच्याजवळ तेवढंच आहे." दार उघडून जाताना म्हणाल्या, "आणि तू सगळ्यांसमोर मला पर्स उघडायला सांगत होतास."

४ जुलै, शुक्रवार

चार दिवस कागदाला हात लावला नाही. आज लावला.

दगडूच्या दहा चिठ्ठ्या असतील तर इतर नावं चौदाच उरतात. एक रजा दगडूकाकांची, पाच रजा चौदा जणांत. म्हणजे माझी संधी चारात एक नव्हतीच. तीनात एकापेक्षा जास्त होती. ज्या सोडतीला मी लबाडी म्हणून नावं ठेवली, तिच्यात मला जास्त वाव होता, कारण नऊ जणांनी आपली जागा सोडली होती. मी जी शुद्ध सोडत केली तिच्यात माझी संधी कमी झाली. तरीही तेव्हा नाव आलं नाही आणि आता आलं. यात कोणाचा दोष आहे, सांगा ना मला! कोणावर ओरडू?

नागेशवर ओरडलो. "मला का नाही सांगितलंस?"

"तू कोणाक सांगूक दिलंस? तू आकडेच वाचून दाखवी होतस."

"तुझी आई नाही का रे वाट बघत? सहा वर्षं नाव नाही टाकलंस?"

"बघता ना. पण दगडूक बघून ती जेवता. माका बघून रडता," तो म्हणाला आणि दिवा बंद केला.

१३ जुलै, रविवार

दगडूकाका माझ्या टेबलाशी आले. हे कधीच ऑफिसात येत नाहीत, चपला बाहेर काढून आले. एसीच्या गारव्यात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

"दर्शना, एक काम होता. तुझ्या त्या आकड्यात बघ, माझा काय चुकला ता."

मला समजलंच नाही. त्यांनी सांगितलं. सहा वर्षं देवाने बोलावलं. यंदा नाही. म्हणजे काहीतरी हातून घडलं. गेल्या वर्षी कोणाच्या तरी घरी आरतीच्या वेळी त्यांचा डोळा लागला होता, त्याचं असेल का? एका म्हातारीला येतो सांगून जायचं राहिलं होतं, त्याचं असेल का? तीन आठवडे हा माणूस हेच उगाळतोय. मेसवाला म्हणाला, नीट जेवत नाही.

"काही चुकलं नाही काका. चोवीसात अठरा जणांचं नाव येतच नाही. तुम्ही त्या अठरांत. एवढंच. साधी गोष्ट आहे."

"मगे सहा वर्सां कसा येय होता? तूच सांगलंस, चार हजारात एक. असाच येवचा नाय म्हणून."

माझाच आकडा, माझ्याच तोंडावर. खरं सांगितलं तर सहा वर्षांचं त्याचं बोलावणं खोटं ठरतं. नाही सांगितलं तर देवाने हाकललं असं समजून हा माणूस झिजत जाणार. आणि दोन्हीकडे तिकीट माझ्या खिशात!

"बघतो," म्हणालो. ते थँक्यू म्हणाले. मला! थँक्यू!

१७ जुलै, गुरुवार

सगळ्यांचा राग येतोय. वहिनींचा, कारण सहा वर्षं गोड खोटं वाचलं आणि निस्तरायला मी. नागेशचा, कारण त्याला मोठेपणाची हौस. दगडूचा, एवढा भाबडा माणूस या वयात असावा कशाला? त्यांच्या त्या देवाचा तर फारच. मी खोटं काही केलेलं नाही. मी फक्त मोजलं. मोजणं हा गुन्हा आहे का?

बाबांचा फोन. मखराला रंग कोणता लावू, विचारत होते. कंप सुटलेल्या हातांनी स्वतः लावणार आहेत. तू येईपर्यंत वाळायला हवा म्हणाले.

रजा आपणहून दगडूकाकांना द्यावी, असंही मनात आलं. ते घेणार नाहीत. देवाने ज्याला बोलावलं त्यानेच जायचं, ही त्यांची रीत. मला कोणी असं बोलावलेलं नाही हे त्यांना कसं पटवू?

२० जुलै, रविवार

आज सकाळी वहिनींची हाउझी परत द्यायला काढली. सोंगट्या मोजताना सतरा नंबर हातात आला. तो मी खिशात टाकला.

जेवणाला सगळे होते, शेठही होता. मी उभा राहिलो. पुन्हा उभा राहिलो म्हणून दोघे-चौघे हसले.

"सोडत खोटी होती," मी म्हणालो. "दगडूकाकांचा नंबर मी पिशवीत टाकलाच नाही. दाखवला आणि मुठीत ठेवला. ही बघा." सोंगटी टेबलावर ठेवली.

नागेश माझ्याकडे बघत होता. माझ्या शेजारी उभं राहून त्याने ती सोंगटी पिशवीत पडताना पाहिली होती. तो तोंड उघडणार असं वाटलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने उघडलं नाही.

दगडूकाका उठून माझ्यासमोर आले. सोंगटी उचलली, उलटसुलट केली.

"म्हणजे देवान माका बाहेर काढूक नाय?"

"नाही. मी काढलं. नंबर आत असता तर तुमचाच आला असता."

हे वाक्य कोणत्याही स्टॅटिस्टिक्सवाल्याने म्हणू नये. मी म्हटलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. आणि मग त्यांनी माझ्या मुस्काटात मारली. वेल्डरचा हात. अजून दाढ ठणकतेय.

शेठ दहा मिनिटं शिव्या देत होता. वॉर्निंग लेटर देणार आहे. "सगळ्यांना चोर म्हणणारा स्वतःच चोर! तुझी रजा कॅन्सल. तुझ्या जागी दगडू जाईल. यल्ला, कामाला लागा!" वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना काय कळलं, काय नाही, मी विचारायला गेलो नाही.

सात वर्षांत इथे एकच सोडत सरळ झाली. तीच मी खोटी म्हणून कबूल केली. कॉलेजातल्या सरांना सांगितलं तर पदवी परत मागतील.

२१ जुलै, सोमवार

बाबांना फोन केला. रजा रद्द झाली, एवढंच सांगितलं. कारण सांगता आलं नाही.

"मग यतीन बसेल," ते म्हणाले. मग म्हणाले, "रंग झालाय लावून." आणि फोन ठेवला.

मी शौचालयात जाऊन नळ सोडून रडलो. रागाने रडलो. दगडूकाकांचा चेहरा आठवून बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. एका म्हाताऱ्याला आनंद द्यायला मी दुसऱ्या म्हाताऱ्याचा काढून घेतला, आणि तो दुसरा माझा बाप आहे.

२४ ऑगस्ट, रविवार

दगडूकाका आज गेले. एअरपोर्टची गाडी यायच्या आधी त्यांनी वर्कशॉपमधल्या गणपतीच्या तसबिरीपुढे गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे संगमेश्वरलाही घालतात, पण मालवणी माणसाच्या तोंडून ते ऐकलं की अंगावर काटा येतो. एकजण देवाला हाक मारून मागणं मागतो, प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी मोठ्याने होकार भरायचा. मी दाराशी उभा होतो, अर्धा बाहेर. चोराने आत कशाला जायचं?

"बा देवा म्हाराजा! ही पोरां घरदार सोडून हय वाळवंटात इली, तेंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

एकेकाचं नाव घेत गेले. कोणाचं लग्न जमू दे, कोणाच्या आईचा गुडघा बरा होऊ दे. नागेशचं झालं, शेठचं झालं, वहिनींचं झालं. मी निघणार होतो.

"आणि हो जो दर्शन आसा, तेना तुझ्या नावार लबाडी केल्यान. पण तो आमचोच आसा. तेका सुबुद्धी दी. तेच्या बापाशीचे हात थरथरतत म्हणतत, ते हात धर रे म्हाराजा!"

बाबांच्या हातांचं मी या माणसाला कधी सांगितलं नव्हतं. नागेशने सांगितलं असणार.

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. नागेशचा आवाज सगळ्यांच्या वर होता. त्याला सगळं माहीत आहे आणि तरी माझ्या सुबुद्धीसाठी तो छाती फोडून ओरडला, तेव्हा त्याचा गळा धरावासा वाटला.

दगडूकाका वळून माझ्याकडे बघत होते. ते पुढे बोलेनात. माझा होकार आला नव्हता ना. अख्खं वर्कशॉप थांबलं, बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.

"मोठ्यान," ते म्हणाले.